परिषदेला येणाऱ्यांशी संपर्क कसा ठेवावा? कोणते साधन कशासाठी, याची सविस्तर माहिती

पावसाळा सरला, थंडी पडू लागली की आपल्याकडे कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. शैक्षणिक परिषद, साहित्य संमेलन, महिला मेळावा, बिरादरीचे अधिवेशन, सामुदायिक विवाह, इज्तेमा. मंडप, जेवण, पाहुणे, पार्किंग यावर रात्र रात्र मशवरे होतात. पण "लोकांना कळवायचं कसं?" हा प्रश्न निघाला की उत्तर दोन शब्दांत मिळते : "ग्रुप बनवू."

ग्रुप बनतो. पहिल्या दिवशी तीनशे सलाम, दुसऱ्या दिवशी फुलांचे फोटो, तिसऱ्या दिवशी कुणाची तरी जाहिरात. कार्यक्रमाच्या सकाळी हॉल बदलल्याचा निरोप त्या गर्दीत बुडतो. नानी चुकीच्या गेटवर उतरतात, वक्त्यांची गाडी जुन्या पत्त्यावर जाते. आणि महिनाभराने एखादी भगिनी विचारते, "माझा नंबर या अनोळखी माणसाकडे गेला कसा?"

संपर्काचे साधन निवडणे हे मंडपाइतकेच महत्त्वाचे काम आहे. म्हणून आयोजक, खिदमतगार आणि घरच्यांना घेऊन येणारे पाहुणे या सगळ्यांच्या उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. हा लेख जपून ठेवा, कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवा.

आधी माणसे ओळखा, मग साधन निवडा

समजा, तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात दोन दिवसांची शैक्षणिक परिषद आहे. सहाशे लोक येणार. त्यात दोनशे महिला, ऐंशी लहान मुले, शंभरेक ज्येष्ठ मंडळी. पुढची सगळी उदाहरणे याच कार्यक्रमाची धरू.

या सहाशे जणांकडे एकसारखा फोन नाही. कॉलेजच्या मुलांकडे दोन-दोन सिमचे फोन असतात. दादांकडे बटणांचा साधा फोन असतो. अनेक घरांत व्हॉट्सअॅप एकाच फोनवर असते आणि तो फोन मुलाच्या खिशात असतो. कुणी मराठी सहज वाचतो, कुणाला उर्दू सोपी जाते, कुणी रोमन लिपीतच टाइप करतो आणि कुणाला वाचण्यापेक्षा ऐकणे बरे वाटते.

म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर नाव-गाव विचारतानाच चार प्रश्न घाला :

- हा नंबर तुमचा स्वतःचा आहे की घरातील दुसऱ्या कुणाचा?
- त्यावर व्हॉट्सअॅप आहे का?
- निरोप मराठीत हवा, उर्दूत हवा की आवाजात?
- अडचणीत कुणाला फोन करावा? (घरी असलेल्या व्यक्तीचा नंबर. सोबत आलेल्याचा नको, कारण अडचण आली तर तीही बहुधा त्याच गर्दीत असते.)

या चार उत्तरांवरून अर्धा निर्णय तिथेच होतो. सहाशेपैकी दीडशे जणांकडे स्वतःचे व्हॉट्सअॅप नाही असे दिसले, तर फक्त व्हॉट्सअॅपवर विसंबून चालणार नाही हे कागदावरच कळते.

निरोप तीन प्रकारचे असतात

पहिला प्रकार सूचनेचा. "जेवण दीड वाजता", "सायंकाळचे सत्र हॉल क्रमांक दोनमध्ये". हा सगळ्यांसाठी असतो आणि एकाच दिशेने जातो. इथे चर्चेची गरज नसते.

दुसरा विचारणेचा. "एसटी स्टँडवरून कसे यायचे?", "अम्मींसाठी खाली खोली मिळेल का?" हा एकट्याचा असतो. त्याचे उत्तर पाचशे नव्याण्णव जणांना ऐकायची गरज नाही.

तिसरा तातडीचा. मूल हरवले, कुणाला चक्कर आली, मंडपात शॉर्टसर्किट झाले. हा आधी काही ठरावीक खिदमतगारांपर्यंत सेकंदात पोहोचला पाहिजे. सगळ्या गर्दीला कळवायचा की नाही, हे त्यानंतर ठरते.

एकाच ग्रुपवर हे तिन्ही टाकले की तिन्ही बिघडतात. प्रत्येकाला स्वतंत्र वाट द्या.

व्हॉट्सअॅप : चार वाटा, चार स्वभाव

*ग्रुप.* एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, म्हणजे आपले सहाशे सहज मावतील. पण प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. "फक्त अॅडमिन लिहू शकेल" असे सेटिंग केले तर गोंधळ थांबतो, नंबर मात्र उघडेच राहतात. त्यामुळे ग्रुप ही खिदमतगारांसाठी उत्तम आणि पाहुण्यांसाठी अयोग्य गोष्ट आहे.

*ब्रॉडकास्ट लिस्ट.* एका यादीत २५६ जण घेता येतात. निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. अट एक आहे : ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच निरोप मिळतो. नोंदणीच्या वेळी "हा नंबर सेव्ह करा" असे सांगितले आणि समोर उभे राहून करून घेतले, तरच ही वाट चालते.

*कम्युनिटी.* हिच्यात घोषणांसाठी वेगळी जागा असते, तिथे अॅडमिन सूचना टाकतात. सामान्य सदस्यांना एकमेकांचे नंबर तिथे दिसत नाहीत. कम्युनिटीच्या आतल्या ग्रुपमध्ये गेल्यावर मात्र नंबर दिसू लागतात. आपल्या सहाशे जणांच्या परिषदेसाठी हा पर्याय आम्हाला सर्वांत बरा वाटतो. पाहुण्यांसाठी फक्त घोषणांची जागा ठेवा आणि खिदमतगारांचा ग्रुप कम्युनिटीच्या बाहेर वेगळा बनवा.

*चॅनेल.* भारतात सप्टेंबर २०२३ पासून ही सोय आहे. फॉलो करणारे कितीही असोत, त्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. लोक इमोजी देऊ शकतात, पण उत्तर लिहू शकत नाहीत. चॅनेल उघड असते, त्यावरचे निरोप साध्या चॅटसारखे बंदिस्त नसतात. म्हणून कार्यक्रमपत्रिका, पार्किंगचा नकाशा, सत्रांच्या वेळा असे जाहीर साहित्यच तिथे टाका. कुणाचे नाव, खोली क्रमांक, बसची यादी टाकू नका. हजारोंच्या जाहीर अधिवेशनाला चॅनेल योग्य ठरते.

विचारणेसाठी वेगळे सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यात आधीच लिहून ठेवता येतात. एकच खाते मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांना जोडता येते, त्यामुळे दोन-तीन खिदमतगार पाळीपाळीने एकाच नंबरवर उत्तरे देऊ शकतात. लोकांना एकच नंबर लक्षात ठेवावा लागतो आणि सचिवांचा घरचा फोन रात्री दोन वाजता वाजत नाही.

टेलिग्राम आणि सिग्नल कुठे कामाला येतात

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य घेता येतात. नंबर लपवून फक्त नावाने बोलता येते, मोठ्या फाइल पाठवता येतात. व्याख्यानांचे रेकॉर्डिंग, निबंधांच्या पीडीएफ, विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची माहिती ठेवायला ते सोयीचे आहे. पण त्यावरच्या ग्रुपमधील आणि नेहमीच्या गप्पा टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. ती सोय फक्त दोघांमधल्या 'सिक्रेट चॅट'मध्ये आहे.

सिग्नलवर सगळे संभाषण कुलूपबंद असते आणि २०२४ पासून नंबर न दाखवता युजरनेम देऊन बोलता येते. ग्रुपची मर्यादा एक हजार. अडचण ही की आपल्या घराघरांत ते नाही. कमिटीच्या आतल्या नाजूक बोलण्यासाठी, म्हणजे एखाद्या भगिनीची तक्रार, एखाद्याचे आजारपण किंवा देणग्यांचा हिशेब, सिग्नल चांगले. सहाशे पाहुण्यांना "आधी हे अॅप घ्या" सांगत बसू नका. निम्मे घेणार नाहीत, आणि ज्यांना निरोपाची जास्त गरज ते याच निम्म्यांत असतील.

एसएमएस : जुने साधन, पण हिशेब करून

साध्या फोनवालेही एसएमएस वाचतात आणि नेटवर्क कमजोर असताना कॉलपेक्षा एसएमएस पोहोचण्याची शक्यता जास्त असते. पण तीन गोष्टी आधी समजून घ्या.

एक, इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, मराठीत ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. म्हणजे दहा-बारा शब्दांतच एक एसएमएस संपतो. त्याहून मोठा निरोप तुकडे होऊन जातो, आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरेच मावतात. सलाम-दुआ, कमिटीचे पूर्ण नाव, अध्यक्षांचे नाव असे सगळे घातले तर मूळ गोष्ट चौथ्या तुकड्यात जाते.

दोन, नेहमीच्या रिचार्जमध्ये बहुधा दिवसाला शंभर एसएमएस मिळतात. सहाशे लोकांना एक तुकडा पाठवायचा तरी सहा सिम लागतील.

तीन, एखाद्या कंपनीमार्फत एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे होत नाही. महिनाभर आधी कामाला लागा आणि "स्थळ बदलले", "वेळ बदलली", "कार्यक्रम पुढे ढकलला" असे तीन नमुने मंजूर करून ठेवा.

ज्यांच्याकडे व्हॉट्सअॅप नाही त्या दीडशे जणांसाठी आमची सूचना साधी आहे : पंधरा खिदमतगार, प्रत्येकाकडे दहा नावे, आणि थेट फोन. आवाज ओळखीचा असला की ज्येष्ठांचा विश्वास बसतो आणि समोरच्याला समजले की नाही हेही कळते.

भगिनींचे नंबर ही अमानत आहे

हा भाग आम्ही वेगळा लिहीत आहोत, कारण याच कारणाने अनेक घरांतून "आमच्या मुलीचा नंबर देणार नाही" असे उत्तर येते आणि तिच्यापर्यंत कार्यक्रमाची माहिती पोहोचतच नाही.

घरच्यांची काळजी रास्त आहे. उघड्या ग्रुपमधून नंबर उचलून अनोळखी लोक फोन करतात, स्थळे सुचवणारे मध्यस्थ याद्या बनवतात, क्लासवाले आणि विमा एजंट जाहिराती पाठवतात. यावर उपाय मुलीला बाहेर ठेवण्याचा नसून साधन नीट निवडण्याचा आहे :

- महिलांची नोंदणी महिला खिदमतगारांनीच करावी, यादीही त्यांच्याकडेच राहावी.
- कुणालाही न विचारता ग्रुपमध्ये ओढू नये. लिंक पाठवावी, ज्याला यायचे तो येईल.
- लिंकवर "अॅडमिनच्या परवानगीने प्रवेश" हे सेटिंग चालू ठेवावे. लिंक फुटली तर ती रद्द करून नवी काढता येते.
- विचारणेसाठी महिलांचा वेगळा नंबर असावा आणि तो एखाद्या आपानेच उचलावा.
- महिला विभागातील फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नये असा नियम फलकावरच लिहावा.

पाहुण्यांनी स्वतःही एक काम करावे. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" येथे "माझे कॉन्टॅक्ट" निवडावे आणि प्रोफाइल फोटोही ओळखीच्यांनाच दिसेल असा ठेवावा.

लोकांची माहिती घेताना ती कशासाठी घेत आहोत हे सांगणे आणि त्याच कामासाठी ती वापरणे हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हा कायदा पालकांची संमती मागतो. प्रायोजकाला, उमेदवाराला किंवा विवाह मंडळाला परिषदेची यादी देणे म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे होय.

नेटवर्क गेले तर?

एका टॉवरखाली अचानक हजारो फोन आले की कॉल लागत नाहीत आणि व्हॉट्सअॅपवर घड्याळाची खूण फिरत राहते. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगावच्या इज्तेमाला लाखो लोक जमले होते. त्या आकाराच्या गर्दीत फोन हे दुय्यम साधन बनते, खरे काम भोंगा, फलक आणि रस्त्यावर उभे असलेले खिदमतगार करतात. मोठा कार्यक्रम असेल तर मोबाइल कंपन्यांना आधी लेखी कळवावे. गाडीवरचा फिरता टॉवर आणण्याची सोय त्यांच्याकडे असते.

दुसरे कारण प्रशासकीय असते. तणावाच्या काळात इंटरनेट बंद होते. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि कोल्हापुरात जून २०२३ मध्ये ते झालेले आहे. अशा वेळी साधा फोन आणि एसएमएस बहुतेक चालू असतात. म्हणून महत्त्वाचे वीस नंबर कागदावर छापलेले हवेत. सगळी यादी फोनमध्ये, फोन बंद आणि चार्जर घरी, अशी अवस्था येऊ देऊ नका.

बिनाइंटरनेटची साधने अशी :

*लाउडस्पीकर.* ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वापरता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असते. परवानगीची प्रत ध्वनिवाल्याकडे आणि सचिवांकडे, दोन्हीकडे ठेवा. वीज गेली तर बॅटरीवरचे दोन हाती भोंगे चार्ज करून तयार असावेत, एक पुरुषांकडे आणि एक महिला विभागात.

*वॉकी-टॉकी.* गेट, पार्किंग, स्वयंपाकघर, महिला विभाग, प्रथमोपचार आणि मंच अशा सहा ठिकाणी सहा संच पुरतात. कमी ताकदीचे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे संच भारतात परवान्याशिवाय वापरता येतात, पण संच मंजूर प्रकारचा असावा लागतो. भाड्याने घेताना मंजुरीचा कागद मागा. ऑनलाइन मिळणारा जास्त ताकदीचा संच बिनपरवाना वापरला तर गुन्हा होतो आणि पोलिसांच्या संपर्कात व्यत्यय आल्यास प्रकरण गंभीर होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक नियम काढले आहेत.

*फलक.* सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. गेटवर, वुजूखान्याजवळ, जेवणाच्या रांगेत आणि महिलांच्या प्रवेशद्वारी असे चार मोठे फलक लावा. मराठी आणि उर्दू, ठळक अक्षरे, बाणांसह. बदल झाला की खडूने लिहिता येईल असा एक काळा फळा ठेवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हाच फळा भोंगा आहे.

*माणसे.* ओळखू येईल अशा रंगाचे जॅकेट घातलेला खिदमतगार दर शंभर लोकांमागे किमान एक असावा. त्याला दोनच गोष्टी पाठ हव्यात : प्रथमोपचार कुठे आणि हरवलेल्यांची जागा कुठे.

वेळेचे भान

निरोप योग्य असून चुकीच्या वेळी गेला तर फुकट जातो. जोहरच्या जमातीच्या वेळी सगळ्यांचे फोन बंद किंवा मूक असतात. दीडला जमात असेल तर एक पंचवीसला टाकलेली सूचना दोनपर्यंत कुणी पाहत नाही. जेवणाची आणि पुढच्या सत्राची घोषणा अजानच्या आधी भोंग्यावर करा, लेखी सूचना नमाजनंतर टाका.

खिदमतगारही नमाजला जातात. त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत गेटवर आणि हेल्पलाइनवर कुणीच नसते. त्यांचे दोन गट करा. पहिला गट जमातीत असताना दुसरा जागेवर, मग दुसऱ्याची वेगळी जमात. महिला विभागात मुलांकडे लक्ष ठेवायलाही हाच नियम लावा. मुले हरवण्याची शक्यता याच वेळी जास्त असते.

तातडीचा प्रसंग : आधीच ठरवून ठेवा

हरवलेल्या मुलासाठी : नोंदणीच्या टेबलावरच प्रत्येक लहान मुलाच्या मनगटावर कागदी पट्टी बांधा. तिच्यावर पालकाचा फोन नंबर आणि परिषदेचा हेल्पलाइन नंबर लिहा, मुलाचे नाव लिहू नका. नाव वाचून कुणीही त्याला हाक मारून नेऊ शकतो. मूल सापडले तर भोंग्यावर वर्णन सांगू नका, "एक मूल सापडले आहे, पालकांनी मदत कक्षात यावे" एवढेच म्हणा आणि कपड्यांचा रंग पालकांना विचारून खात्री करा. मूल हरवले असेल तर आधी वॉकी-टॉकीवर गेटला कळवा, मग बाकीच्यांना.

आजारी व्यक्तीसाठी : रुग्णवाहिकेला १०८, पोलीस व अन्य मदतीला ११२, मुलांसाठी १०९८. हे तीन नंबर प्रत्येक फलकाच्या तळाशी असावेत. रुग्णवाहिकेला "शादीखान्याजवळ" असे सांगून भागत नाही. गेटचे लोकेशन आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. कार्यालयाच्या नावाने शोधले तर नकाशा कधी मागच्या गल्लीत नेतो, म्हणून पिन गेटवरच टाका आणि एकदा स्वतः गाडीने जाऊन तपासा.

कुटुंबांसाठी : आत शिरतानाच भेटण्याची एक जागा ठरवा. "चुकामूक झाली तर पाण्याच्या टाकीजवळ." व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास पाठवता येते. अब्बा-अम्मींच्या फोनवरून आठ तासांचे चालू करून द्या, पण फोनची बॅटरी लवकर उतरते हेही लक्षात असू द्या.

अफवा आणि अॅडमिनची जबाबदारी

गर्दीत एक खोटा मेसेज चेंगराचेंगरी घडवू शकतो. "गेटवर भांडण झालं", "पोलीस आले", "जेवण संपलं". म्हणून पहिल्याच दिवशी जाहीर करा की अधिकृत सूचना फक्त कम्युनिटीवर आणि भोंग्यावर येईल, तिच्यावर तारीख, वेळ आणि क्रमांक असेल. "सूचना क्र. ७, शनिवार, दुपारी ३.१०" असे लिहिले की जुना स्क्रीनशॉट नवा म्हणून फिरत नाही.

ग्रुपवर कुणी आक्षेपार्ह काही टाकले तर अॅडमिन आत जातो, अशी भीती अनेकांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरता येत नाही. दिलासा आहे, पण निष्काळजीपणाला परवाना नाही. समाजात तेढ किंवा घबराट पसरवणारा खोटा मजकूर स्वतः पुढे ढकलला तर भारतीय न्याय संहितेतील कलम १९६ आणि ३५३ लागू होऊ शकतात. असा मेसेज दिसला की अॅडमिनने तो सगळ्यांसाठी डिलीट करावा, टाकणाऱ्याला काढावे आणि आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

फसवणुकीचाही धोका आहे. निमंत्रणपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो आणि बँक खाते रिकामे होते. आपली पत्रिका नेहमी फोटो किंवा पीडीएफमध्येच येईल, असे जाहीर करा. देणगीचा क्यूआर कोडही छापील पत्रिकेवर एकदाच द्या, ग्रुपवर नवा कोड आला तर तो खोटा समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

निरोप कसा लिहावा

चांगल्या सूचनेत पहिल्या ओळीत काम असते. उदाहरणार्थ :

"सूचना क्र. ४. शनिवार, सकाळी ९.०० वा. पालकांचे सत्र आता हॉल २ मध्ये (हॉल १ ऐवजी). वेळ तीच, ११.३०. महिलांचा प्रवेश मागील गेटने. प्रश्न असल्यास हेल्पलाइनवर फोन करा."

हाच मजकूर उर्दूत खाली द्या आणि सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज जोडा. व्हॉइस मेसेज घरी बोलतो तशा भाषेत असू द्या. मराठवाड्यात दखनी ढंग, कोकणात कोकणी ढंग चालेल. फक्त फोटोत लिहिलेली सूचना टाकू नका, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन फोटोतील अक्षरे नेहमी वाचून दाखवतोच असे नाही. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त सूचना गेल्या तर लोक कम्युनिटी म्यूट करतात आणि मग सातवी, खरी महत्त्वाची, कुणी वाचत नाही.

वेळापत्रक : कधी काय करावे

- तीस दिवस आधी : एसएमएस नोंदणी, लाउडस्पीकरची परवानगी, मोबाइल कंपनीला पत्र.
- पंधरा दिवस आधी : हेल्पलाइनचे सिम, महिलांचा वेगळा नंबर, कम्युनिटी तयार, लिंक पाठवणे.
- सात दिवस आधी : साध्या फोनवाल्यांची यादी खिदमतगारांत वाटणे, पहिला फोन.
- दोन दिवस आधी : एक चाचणी सूचना. किती जणांपर्यंत पोहोचली ते मोजा, राहिलेल्यांना फोन.
- आदल्या संध्याकाळी : वॉकी-टॉकी, भोंगे चार्ज. फलक लावणे. मैदानात उभे राहून प्रत्येक कोपऱ्यातून कॉल लागतो का ते पाहणे.
- कार्यक्रमाच्या दिवशी : सूचना लिहिणारी व्यक्ती एकच, मंजुरी देणारी एकच.
- सात दिवसांनंतर : आभार, छायाचित्रांची लिंक, हिशेब. मग कम्युनिटी बंद.

शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. कार्यक्रम संपतो, ग्रुप तसाच राहतो आणि वर्षभर त्यावर काहीही फिरत असते. पुढच्या वर्षी लोक नव्या लिंकवर यायला कचरतात ते यामुळेच. ज्यांना पुढील कार्यक्रमांची माहिती हवी त्यांची संमती घेऊन छोटी यादी ठेवा. बाकीचे नंबर खिदमतगारांच्या फोनमधून काढा, फॉर्म कुलुपात ठेवा किंवा नष्ट करा.

थोडक्यात

पन्नास-साठ जणांची बैठक असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट आणि एक फोन नंबर पुरे. काही शेकड्यांची परिषद असेल तर कम्युनिटी, हेल्पलाइन, दहा-दहा नावांची फोन यादी आणि फलक. हजारोंचे अधिवेशन असेल तर चॅनेल, एसएमएस, लाउडस्पीकर आणि वॉकी-टॉकी. त्याहून मोठ्या मेळाव्यात माणूस आणि फलक आधी, फोन नंतर.

पुढच्या मशवऱ्यात जेवणाच्या मेन्यूआधी हा विषय घ्या. एका आपाला आणि एका भाईला संपर्काची पूर्ण जबाबदारी द्या, त्यांची नावे आणि हेल्पलाइन पत्रिकेवर छापा. घरून निघालेली प्रत्येक नानी योग्य गेटवर उतरली आणि प्रत्येक मूल आपल्या अम्मीचा हात धरून परत गेले, तर परिषद कामयाब झाली असे आम्ही म्हणू.